प्रत आणि पाठ : ‘लव्हलेस’ जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

आज आपण एकाच अल्बमचा इतिहास पाहणार आहोत. तो कसा घडला हे त्यात येईलच; पण आपला भर राहील तो त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांवर. या काळात तो कोणकोणत्या माध्यमातून फिरला, कुठे झिजला, आणि आज कुणी ‘माझ्याकडे हा अल्बम लॉसलेस आहे’ असं म्हणतं तेव्हा त्याच्याकडे खरोखर काय असतं, हा आपला विषय.

अल्बम आहे ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या बँडचा ‘लव्हलेस’. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो लंडनच्या क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीने काढला. अकरा गाणी, सुमारे साडेअठ्ठेचाळीस मिनिटं. इंडी रॉकच्या इतिहासात त्याचं स्थान आता वादातीत आहे. पण आम्ही तो निवडला त्याचं कारण वेगळं आहे. ध्वनिमुद्रण जपण्यातले जवळजवळ सगळे प्रश्न या एका अल्बमच्या वाट्याला आले.

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे करून ठेवू, म्हणजे पुढे गोंधळ नको. हस्तलिखितांचे अभ्यासक ‘प्रत’ आणि ‘पाठ’ असे दोन शब्द वापरतात. समोरच्या पोथीवरून दुसरी पोथी उतरवली की ती झाली प्रत. ती उतरवताना लेखनिकाची चूक झाली का, हा प्रतीचा प्रश्न. पण समोरची पोथी मुळात कोणती होती, ग्रंथकाराचे शब्द तिच्यात होते का, हा पाठाचा प्रश्न. लॉसलेस तंत्राने पहिला प्रश्न जवळजवळ पूर्ण सोडवला. दुसरा तसाच आहे. आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच. बाकी सगळा त्याचा विस्तार.

आधी अल्बम. बँड १९८३ मध्ये डब्लिनला सुरू झाला. केव्हिन शील्ड्स, बिलिंडा बुचर, डेबी गूज आणि कोलम ओ कीसोग ही त्याची प्रसिद्ध चौकडी. ‘लव्हलेस’चं मुद्रण १९८९ च्या सुरुवातीला सुरू झालं आणि १९९१ पर्यंत चाललं. त्यासाठी १९ स्टुडिओ झाले असं सांगितलं जातं. अडीच लाख पौंड खर्च झाल्याची आणि त्यापायी कंपनी बुडायची वेळ आल्याची गोष्टही प्रसिद्ध आहे, पण शील्ड्स यांनी हा आकडा वेळोवेळी नाकारलाय. तेव्हा ती आपण दंतकथेच्या खात्यात टाकू. एवढं खरं, की गिटारचे आणि बासचे जवळजवळ सगळे भाग एकट्या शील्ड्स यांनी वाजवले. ओ कीसोग आजारी होते, म्हणून त्यांच्या ड्रमचे तुकडे सॅम्पलरमध्ये घेऊन जोडले गेले.

या अल्बममधली गिटार ऐकताना सूर सतत किंचित वाकतोय, डुलतोय असं वाटतं. ते असं होतं : गिटारच्या ट्रेमोलोचा दांडा हातात धरूनच शील्ड्स तारा छेडतात, त्यामुळे अख्खा स्वरमेळ वर-खाली सरकत राहतो. अनेकांना वाटतं की इथे शेकडो गिटारी एकावर एक रचल्या असतील. शील्ड्स यांचं म्हणणं उलट आहे, ट्रॅक लोकांना वाटतात त्यापेक्षा बरेच कमी आहेत. आणि गाण्याचा आवाज? तो मुद्दाम मागे ठेवलाय. गिटारच्या भिंतीआड कुणी गुणगुणावं तसा. हा तपशील लक्षात ठेवा, थोड्याच वेळात लागणार आहे.

आता १९९१ चं तंत्रज्ञान बघा. तो सांध्याचा काळ होता. स्टुडिओत बहुतेक ठिकाणी चुंबकीय अ‍ॅनालॉग टेप फिरत होती, पण सोनीने १९८७ मध्ये आणलेली डॅट, म्हणजे छोटी डिजिटल टेप, पक्कं मिश्रण साठवायला सर्रास वापरली जाऊ लागली होती. ‘लव्हलेस’चं अंतिम मिश्रण दोन्ही रूपांत उरलं : अर्ध्या इंची अ‍ॅनालॉग टेपवर आणि डॅटवर. म्हणजे पहिल्या दिवसापासून या ग्रंथाच्या दोन पोथ्या होत्या.

सीडीचं गणित आपल्याला ठाऊक असेल, तरी एकदा मांडू. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची उंची मोजायची, प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहायची, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. सेकंदाला झाले १४,११,२०० बिट. ४४,१०० हा आकडा तरी कुठून आला? सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत; त्या चित्राच्या रेषांत किती मोजण्या बसतात या हिशेबातून तो आला आणि १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीला चिकटला. या हिशेबाने ‘लव्हलेस’ भरतो सुमारे ५१ कोटी बाइट, म्हणजे ५१३ मेगाबाइटच्या आसपास.

नव्वदच्या दशकातल्या संगणकाला आणि टेलिफोनच्या तारेला हे ओझं पेलणारं नव्हतं. म्हणून एमपी३ आलं. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये हाच अल्बम सुमारे ४६ मेगाबाइटांत बसतो, म्हणजे अकराव्या हिश्शात. उरलेलं गेलं कुठे? फेकून दिलं. पण आंधळेपणाने नाही. एमपी३ मानवी श्रवणाच्या एका गुणावर चालतं : मोठा आवाज त्याच्या जवळच्या लहान आवाजाला झाकतो. जे झाकलं जातं ते कानाला कळत नाही, मग साठवायचं कशाला?

युक्तिवाद हुशारीचा आहे आणि बहुतेक संगीताला चालून जातो. पण ‘लव्हलेस’चा सगळा जीवच मोठ्या आवाजाखाली दबलेल्या लहान आवाजात आहे. गिटारच्या कल्लोळाखाली कुजबुजणारा गळा, मध्येच तरंगत येणारी बासरीसारखी सुरावट, हे सगळं झाकलं जाण्याच्या सीमारेषेवर उभं आहे. कमी दराच्या एमपी३मध्ये तीच सीमारेषा आधी फिसकटते, आणि वरच्या पट्टीतला गिटारचा खरखरीत पोत पाण्यात बुडवल्यासारखा होतो.

दुसरी गंमत अशी. या अल्बममधल्या काही गाण्यांच्या शेवटी छोटे जोडदुवे आहेत. एका गाण्याचा धूर पुढच्या गाण्यात शिरतो. आणि एमपी३चं काम चालतं १,१५२ मोजण्यांच्या ठोकळ्यांत. गाण्याची लांबी त्या पटीत बसली नाही, की शेवटी शांततेची भर घालावी लागते. सुरुवातीलाही थोडी पडतेच. परिणाम काय? धूर जिथे अखंड वाहायचा तिथे बारीकशी उचकी. पुढे यावर उपाय निघाले, नाही असं नाही. पण एक अख्खी पिढी हा अल्बम उचक्यांसकट ऐकत मोठी झाली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चांगल्या दराचं एमपी३ आणि सीडी यांतला फरक डोळे मिटून ओळखायला सांगितलं, तर भल्याभल्यांना जमत नाही. मग जपणूक करणारे एमपी३ला नाही का म्हणतात? कारण जपणूक एका ऐकण्यापुरती नसते. उद्या नवं माध्यम येईल, तेव्हा एमपी३वरून त्यात प्रत काढावी लागेल, परवा त्यावरून तिसऱ्यात. दर खेपेला नवं तंत्र आपल्या हिशेबाने काहीतरी फेकणार. कॅसेटवरून कॅसेट काढताना जे व्हायचं, तेच. घट फक्त वेगळ्या जातीची.

याला उत्तर म्हणून २००० साली जॉश कोलसन यांनी फ्लॅकवर काम सुरू केलं. पहिली पक्की आवृत्ती २००१ च्या जुलैत आली, २००३ मध्ये ते झीफ.ऑर्ग या संस्थेच्या छत्राखाली गेलं, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये इंटरनेटच्या मानकांत ९६३९ या क्रमांकाने त्याची अधिकृत नोंद झाली. ते मुक्त आहे, कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही. जपणुकीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं. कंपनी बंद पडली आणि फाइल उघडता येईना, असा धोका राहत नाही.

फ्लॅक करतं काय? समजा ध्वनीच्या मोजण्या अशा आल्या : १००, १०४, १०८, ११२. पुढची किती असेल? आपण म्हणू ११६. प्रत्यक्षात आली ११७. मग ११७ लिहायच्या ऐवजी ‘अंदाजापेक्षा १ जास्त’ एवढंच लिहायचं. लहान आकडा, कमी जागा. वाचताना तोच अंदाज पुन्हा करायचा, चूक त्यात मिळवायची, की मूळ आकडा हुबेहूब परत. काहीही फेकलेलं नाही.

आता सांगा, अंदाज कुठे चुकेल? जिथे गोंगाट जास्त तिथे. एकटी सतार किंवा पियानो असेल तर फाइल निम्म्यावर येऊ शकते. विकृत गिटारींची दाट भिंत असेल तर अंदाज वारंवार चुकतो आणि बचत कमी होते. म्हणजे ‘लव्हलेस’सारखा अल्बम एमपी३ला नाजूक वाटतो आणि फ्लॅकला जड. पण फ्लॅक जड झालं तरी सोडत काही नाही.

शिवाय फ्लॅकच्या फाइलच्या आरंभी मूळ ध्वनीची एक अंकमुद्रा ठेवायची सोय आहे. दहा वर्षांनी फाइल उघडा, ध्वनीचा हिशेब पुन्हा करा, मुद्रा जुळली की एकही बिट हललेला नाही. आपल्या जुन्या लेखनिकांना हे मिळालं असतं तर! पोथीच्या शेवटी ‘जसं दिसलं तसं लिहिलं, दोष मला देऊ नये’ अशा अर्थाची विनवणी ते करायचे. ती विनवणी इथे संपली.

पण फाइलपर्यंत पोचायला सीडी आधी नीट वाचावी लागते, आणि तिथे एक फसवणूक लपलेली आहे. ध्वनीच्या सीडीवर ओरखडा असला तर प्लेयर आधी चूक दुरुस्त करायचा प्रयत्न करतो. जमलं नाही, तर आजूबाजूच्या मोजण्यांवरून मधली मोजणी चक्क अंदाजाने भरतो. ऐकणाऱ्याला कळतही नाही. संगणकाने तशीच वाचली तर तो अंदाजच ‘लॉसलेस’ म्हणून कोरला जातो. म्हणून १९९८ मध्ये जर्मनीत आंद्रे विथॉफ यांनी एक प्रोग्रॅम लिहिला, एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, जो शंका आली की तोच भाग पुन्हापुन्हा वाचतो. पुढे ‘अ‍ॅक्युरेटरिप’ नावाची सोय आली. आपल्या सीडीतून निघालेली मुद्रा इतरांनी त्याच सीडीतून काढलेल्या मुद्रेशी ताडून पाहायची. एकमेकांना कधी न भेटलेल्या दहा माणसांच्या दहा सीडींतून एकच आकडा आला, तर वाचन शुद्ध. अक्षरशः साक्षीदार जुळवण्याची पद्धत.

घाई कशासाठी, असं कुणी म्हणेल. सीडी काय, घरात पडून आहे. तर नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या दरम्यान तयार झालेल्या अनेक सीडी पुढे कडेपासून तांबूस होत गेल्या आणि वाचता येईनाशा झाल्या. ‘लव्हलेस’चा काळ नेमका तोच. डॅटची यंत्रं सोनीने २००५ मध्ये बनवणं थांबवलं. टेप चांगली असली तरी वाचायला यंत्र हवं ना? आणि अ‍ॅनालॉग टेपचा वेगळाच रोग. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांवरचं चुंबकीय चूर्ण धरून ठेवणारं बंधक हवेतली ओल शोषतं, टेप चिकट होते आणि वाजवताना चूर्ण खरवडून निघतं. मग ती पन्नास-पंचावन्न अंशांवर कित्येक तास मंद भाजायची, आणि पुन्हा ओल धरायच्या आत, काही आठवड्यांत, तिची डिजिटल प्रत काढून घ्यायची. शिवाय १ जून २००८ ला हॉलीवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली आणि मास्टर टेपा जळाल्या. किती, यावर वाद आहे. जळाल्या, यावर नाही.

आता येऊ पाठाच्या प्रश्नाकडे.

इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेरचं. पण बाहेर राहण्याची एक किंमत असते. मोठ्या कंपनीकडे कोठार असतं, नोंदवही असते. छोट्या कंपनीकडे कपाट असतं. क्रिएशनमधला ४९ टक्के हिस्सा १९९२ मध्ये सोनीने घेतला, आणि दशक संपता संपता क्रिएशन बंद पडली. अल्बमचं ऐकणाऱ्यांच्या मनातलं घर एक, कागदोपत्री मालक दुसरा, अशी अवस्था झाली.

२०१२ च्या मे महिन्यात सोनीने ‘लव्हलेस’ पुन्हा काढला, शील्ड्स यांच्या देखरेखीखाली नव्याने मास्टर करून. दोन सीडी होत्या. एक मूळ डिजिटल मास्टरवरून, दुसरी अर्ध्या इंची अ‍ॅनालॉग टेपवरून. दोन्ही पोथ्या शेजारी-शेजारी छापाव्यात, असा हा प्रकार. अभ्यासकाला याहून काय हवं!

आणि घडलं काय? दोन तबकड्यांची नावं उलटी पडली. ‘डिजिटलवरून’ असं जिच्यावर लिहिलं ती अ‍ॅनालॉगवरची निघाली. ऐकणाऱ्यांनी ते कानाने आणि तुलनेने शोधून काढलं. शिवाय एका तबकडीवर ‘व्हॉट यू वाँट’ या गाण्यात एक डिजिटल खटका ऐकू येतो, जो संगीताचा भाग नाही.

इथे थांबून विचार करा. ही सीडी तुम्ही अत्यंत काळजीने वाचली, फ्लॅक केली, दहा साक्षीदारांशी ताडली. मुद्रा जुळली. तुमच्याकडे आता काय आहे? चुकीच्या नावाची, खटक्यासकट असलेली, निर्दोष प्रत. लॉसलेस तंत्राला खटका आणि गिटार यांत फरक कळत नाही. त्याला दोन्ही आकडेच. अल्बम असा, की त्यात मुद्दाम केलेली विकृती जागोजागी आहे. कुठली खरखर कलाकाराची आणि कुठली यंत्राची, हे ठरवायला इतिहास माहीत असावा लागतो.

गोष्ट तिथे संपत नाही. २०१८ च्या सुरुवातीला शील्ड्स यांनी अ‍ॅनालॉग टेपवरून, मध्ये कुठेही डिजिटल पायरी न ठेवता कापलेली एलपी आणली. २०२१ मध्ये बँड डोमिनो या कंपनीकडे गेला, नव्या आवृत्त्या निघाल्या आणि स्ट्रीमिंगवर अल्बम आला. म्हणजे १९९१ ची सीडी, २०१२ च्या दोन, २०१८ ची एलपी, २०२१ च्या डिजिटल फाइली. यांतला ‘लव्हलेस’ कोणता?

काही म्हणतात, १९९१ चा. लोकांनी जो ऐकला, ज्याने पुढचे कितीतरी बँड घडवले, तोच इतिहास. काही म्हणतात, शेवटचा. कलाकाराचा हात ज्यावर शेवटी फिरला तो. दोन्ही बाजूंना आधार आहे. आणि हा वाद आपल्याला नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून शुद्ध प्रत तयार केली, तेव्हा त्यांच्यापुढे हेच होतं : हातात अनेक प्रती, प्रत्येकीचा लेखनिक प्रामाणिक, तरी पाठ वेगळे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक खपून काढली. त्या संपादकांनी एक पाठ वर छापला, पण बाकीचे फेकले नाहीत. तळटीपेत ठेवले, कुठल्या हस्तलिखितात काय आहे ते सांगून. उद्या कुणाला वेगळा निर्णय घ्यायचा असेल तर साधनं शाबूत राहावीत म्हणून.

ध्वनीच्या जपणुकीतही आम्हाला हाच रस्ता बरोबर वाटतो. एक ‘सर्वोत्तम’ फाइल ठेवून बाकीच्या पुसून टाकणं म्हणजे जपणूक नव्हे, ती निवड झाली. प्रत्येक आवृत्ती वेगळी ठेवायची. फाइलीसोबत लिहायचं : कोणत्या देशातली, कोणत्या वर्षाची तबकडी, तिच्या आतल्या कडेवर कोणता क्रमांक कोरलाय, कशाने वाचली, ताळा जुळला का. चूक माहीत असेल तर नोंदवायची, मूळ फाइलीत गुपचूप दुरुस्त करायची नाही. दुरुस्त प्रत हवीच असेल तर ती वेगळी, वेगळ्या नावाने. आणि हे सगळं किमान तीन ठिकाणी, त्यातलं एक घराबाहेर.

शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला तो सगळ्यात काळजीचा वाटतो. आज मोठ्या स्ट्रीमिंग सेवा लॉसलेस आवाज देतात. प्रतीचा दर्जा उत्तम. पण तिथे बहुधा एकच पाठ मिळतो, मालकाने सध्या ठेवलेला. उद्या तो बदलला तर नाव तेच राहील, चित्र तेच राहील, आवाज बदललेला असेल, आणि आपल्याला कुणी कळवायला येणार नाही. पोथीशाळेत एका रात्रीत सगळ्या पोथ्या बदलाव्यात आणि वेष्टनं तीच ठेवावीत, तसं हे. तेव्हा १९९१ चा ‘लव्हलेस’ पन्नास वर्षांनी कुणाला ऐकायचा असेल, तर तो कुणाच्या तरी कपाटातून, कुणीतरी नीट वाचून, नीट नाव घालून ठेवलेल्या फाइलीतूनच मिळेल.

म्हणून आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुन्या सीडी आहेत, मग त्या कुठल्याही संगीताच्या असोत, त्यांना एवढंच सांगणं : वाचून घ्या, फ्लॅक करा, आणि सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा. ही तबकडी कोणती, कुठली, कधीची, एवढं तिच्यात लिहा. हे काम यंत्र आपल्यासाठी करणार नाही.

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.